गाव पुन्हा उभे करताना: दीर्घकालीन पुनर्वसन, नेतृत्व आणि लोकनियोजनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंप, महापूर किंवा दरड यांनी उद्ध्वस्त झालेल्या गावांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पुनर्वसन समितीचे सभासद आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आहेत. तीस वर्षे उलटून गेल्याने त्या वेळच्या निर्णयांचे बरेवाईट परिणाम आता डोळ्यांनी पाहता येतात, आणि महाराष्ट्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर गावांचे पुनर्वसन आपत्तीनंतर अन्यत्र कोठेही झालेले नाही.

मदतकार्य आणि दीर्घकालीन पुनर्वसन यांत नेमका फरक काय?

मदतकार्यात चूक झाली तर ती बहुधा दुरुस्त करता येते. धान्य कमी पडले तर दुसऱ्या दिवशी आणखी पाठवता येते, तंबू गळला तर बदलता येतो. पुनर्वसनातील चूक मात्र दगड-सिमेंटमध्ये पक्की होते. नव्या गावठाणाची जागा, रस्त्यांची आखणी, घरांचे आकार आणि लाभार्थ्यांची यादी हे निर्णय एकदा झाले की पुढच्या दोन पिढ्या त्यांत राहतात. मदतीचा काळ आठवड्यांचा असतो. पुनर्वसनाचा काळ पाच ते दहा वर्षांचा धरावा, कारण घरे उभी राहिल्यावरही पाणीयोजना, जमिनीची कागदपत्रे, शेतीची घडी आणि माणसांची मने यांची कामे बाकी राहतात.

पुनर्वसनाचे नेतृत्व कोणी करायचे: जिल्हाधिकाऱ्यांनी, सरपंचांनी की मदतीला आलेल्या संस्थेने?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे असते. आपल्या हद्दीतील मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणीची जबाबदारी त्याच कायद्याने स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे ग्रामपंचायत आणि नगरपालिकेवरही टाकली आहे. ही दुसरी बाब बहुतेक सरपंचांना माहीत नसते, आणि माहीत असली तरी मोठ्या आपत्तीनंतर मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या ताफ्यांत सरपंच मागच्या रांगेत जातो.

कागदावरच्या अधिकारापलीकडे पाहिले तर नेतृत्वाची कामे तीन प्रकारची असतात आणि ती एकाच माणसाकडे असणे धोक्याचे असते. शासनाकडून निधी, जमीन आणि तांत्रिक मंजुरी आणणे हे जिल्हाधिकाऱ्यांचे काम आहे. गावातील वाद ऐकणे, सभा घेणे आणि झालेला निर्णय सर्वांच्या गळी उतरवणे हे गावातील माणसांचे काम आहे. संस्थेने माहिती सोपी करून सांगावी, मोजमापे करावीत आणि कोणाचा आवाज ऐकू येत नाही याकडे लक्ष वेधावे. संस्थाच गावाच्या वतीने निर्णय घेऊ लागली की ती निघून गेल्यावर निर्णयाचा धनी कोणीच उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपत्तीत सरपंचाच्या घरातीलही माणसे दगावलेली असू शकतात. शोकात बुडालेल्या माणसाकडून नेतृत्वाची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे, म्हणून सुरुवातीपासूनच सात ते अकरा जणांची समिती नेमावी आणि जबाबदारी वाटून घ्यावी.

घाई केली नाही तर निधी परत जाईल, असे सांगितले जाते. मग नियोजनाला वेळ कसा द्यायचा?

ही भीती खोटी नाही, परंतु तिच्यामुळे सगळेच निर्णय घाईने घेण्याचे कारण नाही. जे निर्णय मागे फिरवता येतात ते लगेच घ्यावेत: तात्पुरता निवारा, शाळा भरवण्याची जागा, पिण्याचे पाणी, जनावरांचा चारा. जे मागे फिरवता येत नाहीत, म्हणजे स्थलांतर, आखणी आणि घराचा नमुना, त्यांना किमान काही महिने द्यावेत. हा वेळ लोकांना सुसह्य व्हावा यासाठी तात्पुरता निवारा बऱ्यापैकी चांगला असावा लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढावा लागला की माणूस कोणत्याही नकाशावर अंगठा उठवायला तयार होतो, आणि त्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे.

गाव दुसरीकडे हलवावे की आहे त्याच जागी पुन्हा बांधावे?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक घाईने सोडवला जाणारा हा प्रश्न आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठ सांगवी, होळी, राजेगाव अशा गावांतील जवळजवळ सर्व घरे कोसळली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, आणखी काही गावांत जुन्याच ठिकाणी नवी घरे बांधण्यात आली आणि उरलेल्या मोठ्या भागात सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले.

स्थलांतराचा निर्णय त्या वेळी लोकांनाही हवा होता, हे विसरता कामा नये. ज्या ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढली तेथे पुन्हा चूल मांडायची कल्पनाच सहन होत नव्हती. पण माणसे मेली ती मुख्यतः घरांच्या बांधणीमुळे. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारी ही रचना हादऱ्यात पत्त्यांसारखी फुटून खाली आली. जागा बदलून हा दोष जात नाही, तो बांधकाम बदलून जातो. पन्नास-साठ किलोमीटर अंतरावरील नवी जागाही त्याच भूकंपप्रवण पट्ट्यात असू शकते.

दरडीचे तसे नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी अशीच गेली. येथे धोका जागेतच होता, त्यामुळे हलणे अपरिहार्य होते. मात्र हलवलेले गावही डोंगरउतारावर भराव टाकून वसवले तर पहिल्या पावसाळ्यातच जमीन खचू लागते, हा अनुभव नव्या माळीणने २०१७ मध्ये घेतला. म्हणून समितीने विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा: आपली माणसे कशामुळे गेली, जागेमुळे की भिंतींमुळे? याचे उत्तर भूगर्भशास्त्रज्ञ आणि अभियंत्यांकडून लेखी मागावे आणि ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे.

आपल्याकडे गावाची जमीन ‘पांढरी’ आणि शेताची ‘काळी’ असा जुना भेद आहे. जुनी माणसे घर पांढरीत बांधत, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलवते. नवी जागा पाहायला जाताना गावातील दोन वृद्ध शेतकरी सोबत न्यावेत. माती परीक्षणाचा अहवाल हवाच, पण त्याआधी पुष्कळ गोष्टी ते पायानेच ओळखतात.

नव्या गावाचा नकाशा ग्रामसभेत दाखवला होता. मग लोकसहभाग झाला असे म्हणता येईल का?

नाही. कागदावरचा नकाशा वाचणे हे शिकलेल्या माणसालाही अवघड जाते. किल्लारी परिसरातील अनेक नव्या गावांत काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि एकसारखे भूखंड यांची आखणी झाली. कागदावर ती सुटसुटीत दिसत होती. प्रत्यक्षात जुन्या गावातील आळ्या, भावकीचे वाडे, एकमेकांना लागून असलेली ओसरी आणि मधले पार हे सगळे गेले. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला होता: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. एकाच आकाराची घरे एकत्र बांधणे ठेकेदाराला सोयीचे असते. त्यामुळे एका भावाचे घर एका टोकाला आणि दुसऱ्याचे दुसऱ्या टोकाला असे प्रकार घडले आणि जुन्या गावातील उतरंड नव्या गावात आकाराच्या रूपाने पुन्हा उभी राहिली.

रुंद आखणीचा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. गाव जुन्या दाट वस्तीच्या कितीतरी पट जागेत पसरले की नळाची वाहिनी, रस्ता, गटार आणि दिव्यांचे खांब त्याच प्रमाणात वाढतात. ते बांधून देणारा निधी बाहेरून येतो, परंतु वीजबिल आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून भागवावी लागते. आखणी मंजूर करण्यापूर्वी ‘हे चालवायला वर्षाला किती लागेल?’ असा हिशेब सरपंचांनी मागितलाच पाहिजे.

यावर एक साधा उपाय आहे. प्रस्तावित जागेवर चुन्याच्या फक्कीने रस्ते आणि दोन-चार भूखंड प्रत्यक्ष आखावेत आणि लोकांना त्यावरून चालायला सांगावे. शेजारी कोण हवा हे कुटुंबांनी स्वतः गट करून सांगावे. चूल कोठे, गोठा कोठे, धान्याची कणगी कोठे, हे विचारताना स्त्रियांना वेगळे विचारावे. एका नमुन्याचे एक घर बांधून त्यात एका कुटुंबाला महिनाभर राहू द्यावे, मगच उरलेली बांधावीत.

घरे ठेकेदाराने बांधावीत की घरमालकाने?

जेथे शक्य असेल तेथे घरमालकाने, असे आमचे स्पष्ट मत आहे. किल्लारी कार्यक्रमाचा जो भाग लोकांनी स्वतः केला, म्हणजे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा, त्यात पैसे हप्त्याहप्त्याने कुटुंबाला मिळत, अभियंता तपासणी करी आणि गवंडी गावातलाच असे. भिंतीतून आरपार जाणारे दगड बसवणे, भिंतींभोवती बांधणारा पट्टा घालणे, छपरावरील मातीचा भार कमी करणे अशा गोष्टी त्या निमित्ताने हजारो गवंड्यांच्या हाताला आल्या. ठेकेदाराने बांधलेल्या घरातून असे ज्ञान गावात राहत नाही.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये सुरुवातीला गावे हलवण्याचा विचार पुढे आला होता, पण बहुसंख्य गावांनी नकार दिला आणि घरमालकानेच जागच्या जागी बांधायचे हे धोरण तेथे मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. लातूर-धाराशिवच्या अनुभवी स्त्रिया त्या वेळी कच्छमधील गावांशी बोलायला गेल्या होत्या. एका आपत्तीतून गेलेल्या माणसाचे बोलणे दुसऱ्याला जितके पटते तितके कोणत्याही पुस्तिकेचे पटत नाही.

याला अपवाद आहेत. एकट्या वृद्धांना, अपंगांना आणि कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबांना ‘स्वतः बांधा’ असे सांगणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे होय. त्यांच्यासाठी समितीने गवंड्यांचा गट नेमून देखरेख करावी.

दानशूर संस्थेने आमचे गाव दत्तक घेण्याची तयारी दाखवली आहे. कोणती काळजी घ्यावी?

करार लेखी आणि ग्रामसभेसमोर व्हावा. घराचा नमुना संस्था ठरवणार की गाव, दर्जाची तपासणी कोण करणार, काम अर्धवट राहिल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यात असावे. शेजारच्या दोन गावांना वेगवेगळ्या दात्यांकडून फार वेगळी घरे मिळाली की वर्षानुवर्षे कुरबुर चालते, म्हणून किमान दर्जा शासनाने जाहीर करावा असा आग्रह धरावा. संस्थेच्या नावाची कमान कोठे उभारायची हा प्रश्न मात्र शेवटी ठेवावा.

लाभार्थ्यांच्या यादीवरून गावात तंटे होतात. ते कसे टाळावेत?

पूर्णपणे टाळता येत नाहीत. पंचनामा घाईत होतो, तलाठ्याकडे पाच गावे असतात, आणि एकत्र कुटुंबातील तीन भावांना एक घर द्यायचे की तीन, हा प्रश्न कोणत्याही शासन निर्णयात पुरता सुटत नाही. यादी चावडीवर लावावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, हरकतींसाठी ठरावीक दिवस द्यावेत आणि प्रत्येक हरकतीचा निकाल कारणासह लिहावा. निकाल विरोधात गेला तरी चालेल, पण तो कशामुळे गेला हे कळले नाही की माणूस कायमचा दुरावतो.

ज्यांच्या नावावर घर किंवा जमीन काहीच नाही, त्यांचे काय?

सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ज्यांचे नाव नाही ते पुनर्वसनात सहज गळतात: भाडेकरू, सालगडी, वस्तीवरील पारधी कुटुंबे, माहेरी परतलेल्या स्त्रिया, नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासरच्या घरावर हक्क सांगू न शकलेल्या विधवा. कागद नसणे म्हणजे राहत नसणे नव्हे. रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला, वीजबिल आणि शेजाऱ्यांची साक्ष यांवरून वास्तव्य ग्राह्य धरावे, असा ठराव ग्रामसभेने सुरुवातीलाच करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. यादी तयार झाल्यावर केलेला ठराव फारसा कामाचा नसतो.

स्त्रियांचा सहभाग म्हणजे समितीत दोन नावे घालणे का?

तेवढ्यावर थांबले तर त्या सभेला येतात, सही करतात आणि परत जातात. किल्लारीच्या दुरुस्ती कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, त्यातून काय करायचे, कोणते काम अभियंता नाकारू शकतो, हे त्या घरोघरी सांगत आणि लोकांच्या तक्रारी वर पोहोचवत. ज्या स्त्रिया तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्यांतील अनेक जणी बांधकामाची पाहणी करू लागल्या. त्यांना काम दिले होते, जबाबदारी दिली होती आणि अधिकाऱ्याशी थेट बोलण्याची मुभा होती, म्हणून हे झाले. आजही ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. आराखड्याचा विषय आधी तेथे न्यावा.

निधी कोठून येतो?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी करताना ८० टक्के रक्कम प्रतिसाद निधीसाठी आणि २० टक्के धोका कमी करण्यासाठी ठेवली. त्या ८० टक्क्यांत एकूण रकमेच्या ४० टक्के मदतीसाठी, ३० टक्के पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी आणि १० टक्के पूर्वतयारीसाठी अशी मांडणी केली. त्यापूर्वी पुनर्बांधणीला असा स्वतंत्र कप्पा नव्हता. याखेरीज घरकुल योजना, रोजगार हमीची कामे आणि पाणीपुरवठ्याच्या योजना यांची जोड द्यावी लागते. प्रत्येक योजनेचे निकष वेगळे असल्याने एक घर तीन खात्यांत विभागले जाते. समितीतील एखाद्या हिशेबी सभासदाकडे केवळ हेच काम द्यावे.

घरे झाली, पण लोक तेथे राहायला जात नाहीत. असे का होते?

बहुधा शेत लांब पडते. पहाटे धार काढून, वैरण घालून शेतावर जाणाऱ्या माणसाला तीन किलोमीटरचे अंतर रोज दोनदा चालणे परवडत नाही, आणि नव्या घरात गोठ्याला जागाच नसेल तर तो जनावरांजवळ झोपडी घालून राहतो. डोंगरवाडीच्या ठाकर किंवा कातकरी कुटुंबाला सपाटीवर पक्के घर मिळाले तरी रान, रानभाज्या आणि गुरचरण वरच राहते. घराचा आराखडा आणि रोजगाराचा आराखडा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खात्यांनी केला की हे होतेच.

मुलांचे आणि मानसिक आघाताचे काय?

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोली येथे नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. असा आधार मोलाचा आहे, परंतु मुलाला गावापासून दूर नेण्यापूर्वी उरलेल्या नातेवाइकांशी सावकाश बोलणे आवश्यक असते. मोठ्यांचे दुःख बऱ्याचदा उशिरा वर येते: नुकसानभरपाईचे पैसे संपल्यावर, पाहुण्यांची ये-जा थांबल्यावर, पहिल्या सणाला. आशा कार्यकर्तीला याचे प्रशिक्षण द्यावे आणि दारूच्या दुकानाला परवानगी देण्यापूर्वी समितीने दहादा विचार करावा.

जुन्या गावठाणाचे काय करायचे?

हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा, कारण नंतर तो कायद्याच्या आणि भावनेच्या दोन्ही बाजूंनी गुंततो. जुन्या भूखंडांची मालकी कोणाकडे राहणार, तेथे पुन्हा बांधकाम करता येईल का, देवळे, दर्गे, विहिरी आणि स्मशानभूमीची देखभाल कोण करणार, हे ठरावात लिहून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. ज्यांची माणसे ढिगाऱ्यातून कधीच सापडली नाहीत त्यांच्यासाठी ती जागा म्हणजेच समाधी असते, म्हणून साफसफाईचे यंत्र नेण्यापूर्वी त्या कुटुंबांना विचारावे. किल्लारी परिसरात दरवर्षी ३० सप्टेंबरला श्रद्धांजली वाहिली जाते. तुमच्या गावाने आपला दिवस कोठे आणि कसा पाळायचा, हे गावानेच ठरवावे, आणि नव्या गावापासून तेथपर्यंत जाणारा रस्ता आराखड्यात आखून घ्यावा.